खळ

पुण्याहून आणलेला कॅनव्हास
दोन वर्षं कपाटामागे उभा आहे,
प्लास्टिकसकट.
त्याला अजून काही झालेलंच नाही.
मी काय बोलणार त्याच्याशी.

मंगळवारी जोडभावी पेठेत
जुन्या बाजारात जाते सकाळीच,
ऊन पत्र्यावर चढायच्या आत.
भंगारवाला विचारतो, ताई, नेमकं काय पाहिजे?
म्हणते, पाठ.
कसली पाठ?
कसलीही. जिच्यावर काहीतरी टेकलं होतं अशी.
तो मला चहा देतो
आणि जरा लांब सरकून बसतो.

जिभेला बोट लावते, वस्तूवर टेकवते
आणि मोजते.
एक म्हणायच्या आत थुंकी पिऊन टाकली
तर रंगही पिईल, वर काही ठेवणार नाही.
दहापर्यंत तशीच चमकत राहिली
तर रंग रात्री झोपेल तिच्यावर, सकाळी सुटेल.
चार-पाचाला सुकते ती घ्यायची.

हे कुठल्या कलामहाविद्यालयातलं नव्हे.
बालमणी, माझी आई,
ओल्या गोणपाटातून विडीचं पान काढायची,
अंगठ्याने चोळायची,
न बघताच बाजूला टाकायची: हे फाटणार.
सुपात राहायचं ते मजुरीचं,
कात्रीखाली गळायचं ते माझं.
त्या कातरणींवर केलेलं माझं पहिलं चित्र
पुढच्या श्रावणात बुरशीने पूर्ण केलं.
माझ्यापेक्षा बरं.

एकदा शहाबादी फरशीचा तुकडा आणला.
जिना चढवायला दोन माणसं लागली,
दिवाळीआधी उतरवायला तीच दोन.
आता सुमित्राक्का त्यावर कपडे आपटतात
आणि एक निळा डाग निघत नाही
म्हणून तेलुगूत मला शिव्या देतात.
त्या डागाइतकं टिकलेलं
माझं दुसरं काही नाही.

यंदा अक्कलकोट रोडला
राजेशम गुंडेटींचे माग भंगारात निघाले.
लोखंड काट्यावर गेलं.
कोपऱ्यात राहिले जेकार्डचे पुठ्ठे,
दोऱ्याने एकमेकांना बांधलेले,
तेलाने पिवळे, भोकाभोकांचे.
मी बोट ओलं केलं.
एक, दोन, तीन, चार.

चित्र काढणार ह्याच्यावर? राजेशम म्हणाले.
ह्याच्यावर आहे की.
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली.
मोर आहे हा. दोन मोर, मध्ये कमळ.
माझ्या भावाने ठोकला, ब्याण्णव साली,
सव्वा महिना, एकेक भोक.
शेपटीत एक चुकलं.
ते आम्ही हजारो चादरींत विणलं,
कुणाला कळलं नाही.
कुठलं भोक? मी विचारलं.
हसले. तेच तर.

पुठ्ठे फुकट दिले.
सुतळीचे दहा रुपये घेतले.

घरी चिंचोक्याची खळ शिजवली,
सुताला देतात तशी, आईच्या पातेल्यात.
खळ दिली की कुठलीही वस्तू गप्प होते,
मागचं बोलत नाही.
एक हात फिरवला आणि भोकं बुजली.
पांढरं, सपाट.
कपाटामागच्या त्या कॅनव्हाससारखं.

मग दाभण शोधलं.
ओलं होतं तोवर
एकेक भोक पुन्हा उघडत बसले.
मोजली नाहीत.
पाचव्या दिवसाचं पाणी नळाला आलं
तेव्हा पाठ मोडली होती आणि उजाडत होतं.
काही बुजलेली राहिली असतील,
काही डुलकीत मी नवीच पाडली असतील.
मोराला आता दोन चुका, किंवा वीस.

दुपारी लाल लावला.
थोडा वर थांबला,
बाकीचा उतरला भोकांतून
खाली पसरलेल्या रद्दीवर,
बाजारभाव आणि निधनवार्तांवर,
ठिपके, ठिपके, रांगेत, मध्येच रांग सोडून.
मोर म्हणावा तर मोर नाही.

पुठ्ठा उचलून भिंतीला लावून ठेवला.
बोट ओलं केलं,
रद्दीवर टेकवलं.
एक,
दोन